शिखर पार्किंगमध्ये

पुण्या-नाशिकचा माणूस शनिवारी पहाटे ट्रेकला निघाला म्हणजे वर जातो. त्याच्या दाराशी सह्याद्री आहे, सह्याद्रीवर किल्ले आहेत, किल्ल्यांवर वारा आहे. आमच्या वऱ्हाडात पूर्णेचं खोरं असं सपाट पसरलेलं की इथं कापूस पेरावा, तूर पेरावी आणि पावसाची वाट पाहावी. अकोल्यात उंचावर जायची हौस असेल तर उड्डाणपूल आहे. चिखलदरा आहे, नरनाळा आहे, नाही असं नाही. पण चिखलदऱ्याला आम्ही गाडीनं चढतो, भजी खातो, धुक्यात एकमेकांना हाका मारतो आणि गाडीनंच उतरतो. त्याला ट्रेक म्हणायची आमची हिंमत होत नाही.

याचा अर्थ वऱ्हाडी माणसाला चालण्याचं वावडं आहे असा कोणी काढू नये. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं खांद्यावर घेऊन अकोल्याची पोट्टी रात्रभर अनवाणी चालतात आणि राजराजेश्वराला ते पाणी वाहतात. गजानन महाराजांच्या दर्शनाला अकोल्याहून, अमरावतीहून पायी शेगावला जाणारे तर घरटी एक सापडतील. पायाला फोड येतात, त्यावर हळद-तेल लावतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा जातात. आमची अट एवढीच की पोचल्यावर तिथं कोणीतरी पाहिजे. देव पाहिजे, पाव्हणा पाहिजे, गेलाबाजार जेवण तरी पाहिजे. नुसता निसर्ग पाहायला चालत जायचं, आणि तोही बिचारा आपली वाट पाहत नसताना, हे आमच्या डोक्यात शिरत नाही.

म्हणून भाचा पुण्याहून सुटीवर आला आणि मोबाइल पुढं करून म्हणाला, ‘मामा, वीकेंडला कॅम्पिंग आणि ट्रेकिंग, ज्वालामुखीच्या विवरातलं सरोवर, तंबूत मुक्काम’, तेव्हा घरात शांतता पसरली. सगळ्यांना वाटलं इंडोनेशिया. पासपोर्टाचा विषय निघाला. मग त्यानं गावाचं नाव वाचलं.

‘लोणार?’ आत्या म्हणाली. ‘बाप्पा, तथी तं माह्या नणंदेचा दीर कंपाउंडर होता! त्याच्या घरून खाली तळं दिसे. धुनं वाळू घालता घालता पाह्यलं मी तुह्यं विवर.’

जाहिरातीतल्या ज्वालामुखीबद्दल मात्र आधीच खुलासा केलेला बरा, कारण पुढं याच मुद्द्यावर दोन दिवस गेले. लोणारचा खडक ज्वालामुखीचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं, त्यातलाच हा बेसाल्ट. खड्डा मात्र ज्वालामुखीचा नाही, तो उल्केचा आहे. एखाद्यानं भांडं एका गावातून घ्यावं आणि पोचा दुसऱ्या गावच्या माणसानं पाडावा, तसं. जगातल्या मोठमोठ्या विद्वानांची यात फसगत झाली आहे, तेव्हा जाहिरात लिहिणाऱ्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही.

अमरावतीहून लोणारला जायचा सरळ रस्ता कारंज्यावरून समृद्धी महामार्गानं मेहकर आणि तिथून लोणार. आम्ही अर्थातच अकोल्यावरून गेलो. अकोल्यात ताई राहते. बहिणीचं घर डावलून ट्रेकला जाणारा माणूस परत कोणत्या तोंडानं राखी बांधून घेणार? शिवाय अमरावती-अकोला रस्त्यावरून जाण्याचं आता अप्रूप आहे. वर्षानुवर्षं हा रस्ता स्वतःच विवरांसाठी प्रसिद्ध होता. लोणारला एकच खड्डा होता, इथं मोजदाद नव्हती. मग 2022 च्या जूनमध्ये याच रस्त्यावर, लोणी ते माना या भागात, 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरी थर सलग अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तेव्हापासून या रस्त्यानं जाताना आमच्याकडची माणसं खिडकीबाहेर न पाहता खाली पाहतात.

ताईकडं फक्त चहा घ्यायचा ठरलं होतं. चहाबरोबर पोहे आले, पोह्यांबरोबर तर्री आली, आणि ‘रस्त्यात काई भेटत नाई’ म्हणून डब्यांची एक रांग आली. भाच्यानं ट्रेकची यादी वाचून दाखवली: पाठपिशवी, पाण्याची बाटली, विजेरी, सुका खाऊ. ताईनं यादी ऐकून घेतली आणि रोडग्याची कणीक, वांगी, तेलाची किटली, मिरच्यांचा ठेचा, मिसळणाचा डबा आणि पाटा गाडीत ठेवला. पाटा उतरवून घेण्यात अर्धा तास गेला. वरवंटा नंतर सीटखाली सापडला.

भाऊजी जिनिंगच्या धंद्यात आहेत. सरकीपासून सूर्यमालेपर्यंत त्यांचं स्वतःचं मत असतं. त्यांनी पातूरच्या घाटातच जाहीर केलं की लोणार हा ज्वालामुखीच आहे आणि उल्केचं खूळ नासावाल्यांनी आणलं. ‘उल्का पडली तं मंग ते उल्का कुठी आहे? एवढा मोठा गोटा कोनी नेला?’ मालेगाव ओलांडेपर्यंत भाचा समजावत होता की एवढ्या वेगानं आदळल्यावर गोट्याची वाफ होते. भाऊजींचं म्हणणं, पुरावा नाहीसा झाला की पोलीस केस बंद करतात, शास्त्रज्ञ उघडतात.

लोणारच्या काठावर पहिल्यांदा उभं राहिलं की बोलणं थांबतं, हे मात्र खरं. गावाची घरं, पानठेले, लग्नाच्या शुभेच्छांचे फलक, सगळं नेहमीसारखं चाललेलं असतं आणि मधेच जमीन संपते. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा गोल, कडेपासून खाली जवळपास 137 मीटर, आणि तळाशी हिरवट पाणी.

‘हिरवं काहून?’ आमच्या वयनींनी विचारलं.

या प्रश्नामागं चार दिवसांची तयारी होती. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी अचानक गुलाबी झालं होतं. टाळेबंदीत सगळं जग घरात बसलेलं, करायला काही नाही, त्यामुळं ही बातमी सगळ्यांनी नीट वाचली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दखल घेतली, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचं निघालं. पाणी आटलं, खार वाढला, त्यांचं फावलं. पाऊस पडल्यावर रंग ओसरला. हे शेवटचं वाक्य वयनींपर्यंत पोचलं नव्हतं. त्या पाण्याला जुळेल अशी गुलाबी साडी, गुलाबी टिकली आणि धाकट्यासाठी गुलाबी टोपी घेऊन आल्या होत्या. हिरव्या पाण्यापुढं ते गुलाबी फार उठून दिसलं, हे त्यांना सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

आता खुद्द ट्रेक. लोणारच्या ट्रेकचं वैशिष्ट्य असं की शिखर पार्किंगमध्ये आहे. गाडीतून उतरलात की तुम्ही माथ्यावर. छायाचित्र काढायचं, झेंडा लावायचा, हात पसरायचे, जे काय शिखरावर करतात ते सगळं दम न लागता करून घ्यायचं. मग खाली उतरायचं. जगात सगळीकडं आधी कष्ट आणि मग बक्षीस. इथं बक्षीस रोख मिळतं आणि कष्ट हप्त्यानं फेडावे लागतात. कर्जाची सवय असलेल्या आमच्या मुलखाला ही पद्धत चांगली मानवते.

उतरताना भाऊजींचा आवाज मोठा होता. धारेपाशी, म्हणजे गोमुखातून बारमाही पाणी पडतं तिथं, त्यांनी वाटाड्याला गाठलं. वाटाडा पंचविशीतला, तोंडपाठ आकड्यांचा पोरगा. भाऊजींनी ‘ज्वालामुखी’ म्हणताच त्याचा चेहरा खुलला. रोज येणारा प्रश्न पुन्हा आला की दुकानदाराचा खुलतो तसा.

‘काकाजी, तुमी एकटे नाई,’ तो म्हणाला.

आणि खरंच नव्हते. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या सरोवराची नोंद केली. तेव्हापासून दीडशे वर्षं बहुतेक साहेब याला ज्वालामुखीचंच समजत आले. 1896 मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या नामांकित अमेरिकन भूवैज्ञानिकानं ॲरिझोनातल्या मोठ्या विवराचा अभ्यास करताना जोडीला लोणारचं उदाहरण घेतलं आणि निष्कर्ष काढला की ॲरिझोनातलं विवरही उल्केचं नाही, जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाचं आहे. म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्यानं थेट अमेरिकेला चुकीच्या रस्त्याला लावलं होतं. ॲरिझोनातलं ते विवर आज उल्कापाताचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आहे. लोणारचा निकाल लागायला 1973 उजाडलं. फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी इथल्या खडकात मॅस्केलिनाइट नावाची काच दाखवली. भयंकर धक्क्यानं स्फटिकाची काच होते, आणि तसला धक्का ज्वालामुखीच्या ताकदीबाहेरचा. वयाचा वाद त्यानंतरही चालू राहिला. आधी पन्नासेक हजार वर्षं म्हणत. 2011 च्या मोजणीत ते पाच लाख सत्तर हजारांवर गेलं. एका झटक्यात एवढं वय वाढलेलं मी शाळेच्या दाखल्यातसुद्धा पाहिलेलं नाही.

वाटाड्यानं शेवटी छाती फुगवून सांगितलं की बेसाल्टात उल्केनं झालेलं असं सरोवर जगात एकमेव. ब्राझीलमध्येही बेसाल्टात उल्कापाताची विवरं सापडलेली आहेत, पण हे लोणारच्या काठावर मोठ्यानं बोलू नये. पोरगा चांगला होता.

आत्याला हा सगळा वाद मुळातच पोरकट वाटला. तिचा लवणासुरावर विश्वास. लवणासुर जमिनीखाली लपून बसायचा, विष्णूनं दैत्यसूदनाचं रूप घेऊन पायाच्या अंगठ्यानं त्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. त्याच्या रक्ताचं पाणी झालं, मांसाचं मीठ. गावात दैत्यसूदनाचं देखणं देऊळ आहे, बाहेरच्या भिंती मूर्तींनी भरलेल्या. ‘झाकन उडालं म्हनते पोथीत,’ आत्या म्हणाली, ‘अन तुमचे शास्त्रज्ञ काय म्हनतात? खडक उडून चहूकळे पडले. मंग? दीडशे वर्षं कायले लागले त्याइले? अन त्या साली पानी लाल झालं तं म्हने किडे. रक्त म्हनतात त्याले.’ वाटाडा काही बोलला नाही. त्याला रोज याच गावात राहायचं होतं.

खाली पाण्याजवळ गेलं की पहिली भेट वासाची होते. हा वास घेऊन कोणी कविता करील असं वाटत नाही. पाणी कमालीचं अल्कधर्मी आहे, सामू दहाच्या आसपास. मासा जगत नाही, सूक्ष्मजीव सुखात राहतात. भाचा मोबाइलमध्ये पाहून हे सगळं आम्हाला समजावत असताना वयनींनी मिसळणाचा डबा उघडला, चिमूटभर हळद तळहातावर घेतली आणि कडेच्या ओल्या चिखलावर बोट टेकवून ते हळदीत फिरवलं. हळद लालभडक झाली. भाच्याच्या तोंडचं वाक्य अर्धवट राहिलं. बायका मात्र अजिबात चकित झाल्या नाहीत. हळदीत खार पडला की कुंकू होतं, यात काय पाहायचं? ताईनं त्याच बोटानं वयनींच्या कपाळाला लावलं, वयनींनी ताईला, आणि गुलाबी साडीला अखेर जुळणारं काहीतरी लोणारनं दिलं.

‘पापळखार!’ आत्या एकदम म्हणाली. तिच्या डोळ्यांत निराळीच चमक आली. यात तिचं काही चुकलं नव्हतं. अकबराच्या काळात ऐन-ए-अकबरीत लोणारची नोंद झाली ती इथल्या साबणाला आणि काचेला लागणाऱ्या मालासाठी. पुढं निजाम आणि इंग्रज दोघांनीही हा खार काढायचे मक्ते दिले. तेव्हा दोन सत्तांना जे कळलं ते आमच्या आत्याला न कळायला ती काही कमी संसारी नाही. तिनं पाण्याची बाटली रिकामी केली. रखवालदार लांबून ओरडला, ‘काकू, अभयारण्य आहे, इथलं काई न्याचं नाई!’ 2000 पासून हे अभयारण्य आहे आणि 2020 च्या नोव्हेंबरात रामसर पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही याचं नाव लागलं. आत्या तिथूनच म्हणाली, ‘न्यून नाई रायली बापू, धून रायली.’ बाटली धुवायला त्या पाण्यापेक्षा चांगलं पाणी नाही, हे रखवालदारालाही मान्य करावं लागलं.

काठानं बाभळीच्या झुडपांतून चालत कमळजा देवीच्या देवळापाशी आलो. इथं आमची मंडळी सैलावली. इतका वेळ नुसतं फिरणं चाललं होतं; आता देवी भेटली, नारळ फुटला, येण्याला कारण मिळालं. जवळच सासू-सुनेची विहीर. एका अंगाचं पाणी गोड, दुसऱ्या अंगाचं खारं, असं सांगतात. कोणतं सासूचं आणि कोणतं सुनेचं, हे विचारायची चूक भाच्यानं केली. पुण्यात राहून माणसाचं व्यवहारज्ञान कमी होतं. आत्या, ताई, वयनी आणि माझी बायको या चौघींनी आळीपाळीनं विहिरीत पाहिलं आणि कोणीही काही बोललं नाही. वर येईपर्यंत ती शांतता टिकली.

वर येणं. भाऊजींनी पहिल्या टप्प्यातच उल्का मान्य केली. ‘असन, असन,’ म्हणाले, ‘ज्वालामुखी एवढा खोल नसते.’ दुसऱ्या टप्प्यात त्यांनी उल्केला शिव्या दिल्या. तिसऱ्यात बोलणंच बंद. आत्या त्यांच्या पुढं निघून गेली होती. तिनं पायी शेगाव केलेलं आहे; तिच्या मते चालताना थांबलं की पाय रुसतात. माकडं झाडावर बसून आमच्या डब्यांकडं पाहत होती. त्यांच्यापैकी एकही धापा टाकत नव्हतं.

अभयारण्यात मुक्काम करता येत नाही, म्हणून तंबू काठापलीकडच्या एका वावरात होते. तंबू आत शिरायला सोपा आणि बाहेर यायला कठीण असतो. भाऊजी आत गेल्यावर बाहेरून कोणती बाजू कोणती ते ओळखू येत नव्हतं. आयोजकांनी रात्रीच्या जेवणाला ‘बार्बेक्यू’ ठेवला होता, म्हणजे निखाऱ्यावर पनीरचे चार-चार तुकडे. ताईनं ते चाखले, छान म्हणाली, आणि शेजारी गोवऱ्यांचा हार लावला. रोडगे भाजून निघाले, तुपात बुडाले, वांग्याची भाजी पातेल्यात रटरटली. आयोजकांचं पोरगं आधी नुसतं पाहत होतं, मग पत्रावळ घेऊन आलं. पुण्याहून आलेल्या दुसऱ्या एका गटानं विचारलं, ‘हे पॅकेजमध्ये आहे का?’ ताई म्हणाली, ‘बसा न, त्यात काय?’ पनीर उरलं.

रात्री वावराचा मालक बॅटरी घेऊन आला. त्याचा माळा पलीकडच्या धुऱ्यावर. तुरीत रोही आणि रानडुकरं शिरतात म्हणून तो रोज जागलीला येतो. शेकोटीपाशी बसला, तंबूंकडं पाहिलं, बिडी पेटवली.

‘किती घेतात याचे?’

भाच्यानं माणशी दर सांगितला. तो बराच वेळ शेकोटीकडं पाहत राहिला.

‘म्हंजे तुमी पैसे देऊन वावरात झोपाले आले.’

‘हो काका. निसर्गात राहायला.’

‘बरं.’ त्यानं धूर सोडला. ‘मले वावरात न झोपाचे कोनी पैसे देत असन तं सांगजा बापू. तुमच्यापेक्षा कमी घेईन.’

यावर हसावं की नाही ते कोणाला कळेना. तोच आधी हसला, म्हणून मग सगळे हसले. रोडगा नको म्हणता म्हणता त्यानं दोन खाल्ले आणि माळ्याकडं गेला. रात्रभर थोड्या थोड्या वेळानं त्याचा डबा वाजत होता. जाहिरातीत ‘रात्रीची नीरव शांतता’ लिहिलेलं होतं. डबा वाजला नसता तर रोही आले असते, आणि तंबू तुरीच्या कडेलाच होते.

आडवं पडून आभाळ पाहायची वेळ आली तेव्हा चांदण्या भरपूर होत्या. इतर ठिकाणी तारा तुटताना दिसला की लोक इच्छा मागतात. लोणारला जरा आडोसा शोधतात.

‘पुन्हा पडनार तं नाई न बापू?’ आत्यानं तंबूतून विचारलं.

‘नाही आत्याआजी, एकाच जागी दोनदा थोडीच पडते,’ भाचा म्हणाला.

वाटाड्यानं संध्याकाळीच दाखवलेलं अंबर तळं मला आठवलं. मोठ्या विवरापासून जेमतेम पाऊण किलोमीटरवर, आकारानं लहान. त्याच उल्केच्या तुटलेल्या तुकड्यानं ते झालं असावं असं काही अभ्यासक म्हणतात, काहींना ते मान्य नाही. झोपायच्या वेळी आत्याला ही माहिती देण्यात काही शहाणपण नव्हतं. भाऊजींनी दिली.

सकाळी निघताना मोठ्या मारुतीचं दर्शन घेतलं. आडवी, झोपलेली मूर्ती. तिच्या दगडात चुंबकत्व आहे म्हणतात. भाऊजींनी मोबाइलमधलं होकायंत्र काढून आडवं धरलं, उभं धरलं. बेसाल्टात मॅग्नेटाइट असतंच, त्यामुळं काटा थोडा इकडंतिकडं झाला तर नवल नाही. भाऊजींच्या मोबाइलचा काटा स्थिर राहिला. आत्या म्हणाली, ‘देवापुढं मोबाइल बंद ठेवाव.’ मारुती मात्र सगळ्यांना आवडला. रात्रभर तंबूत आखडलेल्या माणसांना निवांत पाय पसरून झोपलेला देव पाहून जो दिलासा मिळतो तो उभ्या देवांकडून मिळत नाही.

मेहकरला चहाला थांबलो. समोर समृद्धीकडं जाणारा फाटा. भाच्याच्या नकाशात अमरावतीपर्यंत निळी रेघ सरळ गेलेली, मध्ये एक वळण नाही. तो गाडीत जाऊन बसलासुद्धा.

‘एवढं जवळ आलो,’ आत्या बशीतला चहा फुंकत म्हणाली, ‘तं महाराजांच्या पाया न पडता जाता का?’

भाच्यानं नकाशा दाखवला. शेगाव खामगावच्याही पलीकडं होतं, उलट्या दिशेला. ‘आत्याआजी, आपण ट्रेकला आलोय. ट्रेकमध्ये शेगाव कुठून आलं?’

ताईनं डबे मोजले. वयनींनी पदर सारखा केला. भाऊजींनी कालपासून पहिल्यांदाच उत्साहानं मान हलवली आणि गाडीचं दार उघडलं.

‘पोट्ट्या, कचोरी काय मेहकरले येते का? तिच्याकळं जा लागते.’